अल्पुखाराचे पाट

आपल्याकडून स्पेनला जाणाऱ्यांचा रस्ता ठरलेला असतो. कुर्तुबाची मशीद, गरनात्याचा अलहंब्रा, सवड असली तर इशबिलियाचा मनोरा, दोन-चार फोटो आणि परतीचे विमान. उर्दू वाचत वाढलेल्या माणसाला ही नावे लहानपणापासून पाठ असतात, त्यामुळे तिथे उभे राहिल्यावर गळा दाटून येतो, यात काही नवल नाही. पण राजवाडे पाहून फक्त राजे कळतात. ज्यांनी तिथे शेती केली, रेशीम विणले, भिंती रचल्या आणि डोंगरातून पाणी खाली आणले, ती माणसे कशी राहत होती हे अलहंब्राच्या नक्षीत दिसत नाही. ते पाहायचे असेल तर ग्रानाडाहून (आपल्या गरनात्याहून) बस पकडून दोन-अडीच तास डोंगरात जायला हवे. त्या भागाला अल्पुखारा म्हणतात.

माझे नणदोई मालागा शहरात नोकरीला आहेत. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, तेव्हा नणंदेनेच सुचवले, "भाभी, अलहंब्रा तर सगळेच बघतात, तुम्ही दोन दिवस गावात राहून बघा." म्हणून आम्ही बुबिओन नावाच्या गावात राहिलो. वस्ती जेमतेम 300. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. उंची मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास. पोकेइरा नदीच्या खोल दरीच्या एकाच काठावर तीन गावे एकावर एक बसलेली आहेत. खाली पांपानेइरा, मधे बुबिओन, वर कापिलेइरा. लांबून पाहिले तर डोंगराच्या हिरव्या कडेवर कुणी चुन्याचे तीन शिपके मारलेत असे वाटते.

या गावांच्या मागे सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग उभी आहे. अरब भूगोलकार तिला जबलुस्सल्ज, म्हणजे बर्फाचा डोंगर म्हणत. स्पॅनिश नावाचा अर्थही तोच. 1986 मध्ये युनेस्कोने या रांगेला जीवावरण राखीव क्षेत्र ठरवले, आणि 1999 मध्ये तिचा उंच भाग राष्ट्रीय उद्यान झाला. 2,000 हून अधिक जातींच्या वनस्पती तिथे आहेत आणि त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. बाकदार शिंगांच्या रानबकऱ्या कड्यांवर दिसतात. सगळ्यात उंच शिखर सुमारे 3,480 मीटरचे. त्याचे नाव मुलासेन. हे नाव कुणाचे? गरनात्याचा शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, त्याच्या वडिलांचे. मौलाय हसनचे झाले मुलासेन. मुख्य भूमीवरच्या स्पेनचे सर्वांत उंच टोक आजही एका मुस्लिम सुलतानाच्या नावाने ओळखले जाते, आणि तिथल्या शाळेतली मुले भूगोलाच्या तासाला ते नाव पाठ करतात.

मातीची छपरे

बुबिओनमध्ये शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती छपरे. स्पेनभर उतरती लाल कौले, आणि इथे मात्र सपाट धाबी. भिंती दगडाच्या, वर चेस्टनट झाडाचे वासे, त्यावर पातळ दगडी फरशा आणि सगळ्यात वर लाउना नावाच्या करड्या-निळसर मातीचा थर. ही माती ओली झाली की घट्ट बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. आपल्याकडे खानदेशात, मराठवाड्यात पांढऱ्या मातीची धाबी असायची, पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, अगदी तेच. एका घराचे धाबे हे वरच्या घराचे अंगण. उन्हाळ्यात त्यावर अंजीर आणि मिरच्या वाळत घालतात. दोन घरे जोडणारी, गल्लीवर पसरलेली लाकडी छते असतात. त्यांना तिनाओ म्हणतात. ऊन, पाऊस, बर्फ काहीही असो, त्याखाली शेजारणी बसू शकतात. मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरात बर्बर लोकांची गावे अशीच आहेत, आणि हे साम्य योगायोगाचे नाही.

गावात जे चर्च आहे तसली चर्चे या भागात बऱ्याच ठिकाणी जुन्या मशिदींच्या जागी उभी राहिली. मशीद एकही उरली नाही. यजमानीणबाईंना आम्ही मुस्लिम आहोत हे कळले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मग हे घर तुमच्याच लोकांनी बांधलेले." त्या सहज बोलल्या. मला मात्र पुढे काय बोलावे ते सुचेना, कारण "तुमचे लोक" गेले कुठे हा प्रश्न तिथेच लटकत राहिला.

ती हकिकत थोडक्यात सांगते. 2 जानेवारी 1492 ला गरनाता पडले. शरणागतीच्या करारात मुसलमानांचा धर्म, मशिदी, कायदा सगळे राखायचे वचन होते. बोआब्दिलला हाच अल्पुखारा जहागीर म्हणून मिळाला. पुढच्याच वर्षी, 1493 मध्ये, तो समुद्र ओलांडून फेसला निघून गेला. वचन दहा वर्षेही टिकले नाही. 1499 पासून सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले, अरबी पुस्तकांची होळी झाली, बंड झाले, ते मोडले गेले. जे राहिले ते कागदावर ख्रिस्ती. त्यांना मोरिस्को म्हणत. मग 1567 चे फर्मान निघाले. अरबी बोलायचे नाही, लिहायचे नाही, जुनी नावे ठेवायची नाहीत, जुना पोशाख घालायचा नाही, हमाम बंद, आणि शुक्रवारी घराची दारे उघडी ठेवायची, म्हणजे आत कुणी नमाज तर पढत नाही ना हे दिसावे.

या फर्मानाविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय नावाच्या एका वृद्ध मोरिस्को सरदाराने ग्रानाडाच्या न्यायाधिकाऱ्यांपुढे अर्ज मांडला. तो अर्ज आजही उपलब्ध आहे. त्याचा युक्तिवाद असा की, आमचा पोशाख हा या प्रांताचा पोशाख आहे, धर्माचा नव्हे. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, म्हणून ते काही कमी ख्रिस्ती ठरत नाहीत. भाषा वेगळी आणि धर्म वेगळा. मी शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. "तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य वर्षातून दहा वेळा तरी ऐकते, आणि सांगणारा ते कौतुकानेच सांगतो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या म्हाताऱ्याचा मुद्दा वाचताना मला तो फार ओळखीचा वाटला. त्याचे कुणी ऐकले नाही.

1568 च्या नाताळात अल्पुखारा पेटला. बंडाचा नेता आबेन उमेया पुढल्याच वर्षी आपल्याच माणसांकडून मारला गेला. 1571 पर्यंत सगळे संपले. अत्याचार दोन्ही बाजूंनी झाले, हेही सांगायला हवे. बंडखोरांनी गावोगावच्या पाद्र्यांना मारले होते. पण शिक्षा सगळ्यांना झाली. गरनात्याच्या मुलखातून सुमारे 80,000 मोरिस्कोंना ऐन थंडीत कॅस्टिलमध्ये हाकलले. 1609 मध्ये उरलेल्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला आणि पाच वर्षांत सुमारे 3 लाख माणसे मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाच्या किनाऱ्यांवर उतरली. अल्पुखाराच्या रिकाम्या घरांत राजाने गालिसिया, लिओन, कॅस्टिल अशा लांबलांबच्या प्रांतांतून शेतकरी आणून बसवले.

पाटकरी कुठे गेला?

आता खरी अडचण सुरू झाली. नवे लोक आले ते पावसाच्या प्रदेशातून. इथे डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते, पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. ही शेते जगत होती ती बर्फाच्या पाण्यावर आणि ते पाणी वाहत होते पाटांतून. कोणता पाट कुठून निघतो, कोणती फळी कधी उघडायची, कोणाची पाळी किती वेळाची, हे सगळे ज्ञान गेलेल्यांच्या डोक्यात होते. म्हणून प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबे मागे ठेवली, नव्यांना पाणी शिकवण्यासाठी, असे तिथे सांगतात. या गोष्टीतला किती भाग दंतकथेचा ते बाजूला ठेवू. एवढे मात्र खरे की जमिनी वाटताना सरकारी कारकुनांनी गावोगावच्या शेतांची, झाडांची आणि पाण्याच्या हक्कांची तपशीलवार वही केली, आणि पाणी जुन्याच वाटेने वाहत राहिले.

या पाटाला स्पॅनिशमध्ये आसेकिया म्हणतात. अरबीतला अस्-साकिया. उर्दूत आपण "साकी" म्हणतो तो याच धातूचा, पाजणारा. पाटावर देखरेख करणारा तो आसेकिएरो. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धतीची शेती आहे, तिथे गावकऱ्यांनी नेमलेला पाटकरी प्रत्येकाच्या शेताला पाळीने पाणी देतो. आसेकिएरो म्हणजे आपला पाटकरीच. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, पाटकरी जे देईल ते घ्यायचे, ही शिस्त दोन्हीकडे सारखी. व्हॅलेन्सिया शहरात तर अशा पाटांचे भांडण सोडवणारी पंचायत आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या दाराशी बसते. सगळा कारभार तोंडी चालतो. 2009 मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

पण अल्पुखारात पाटांचा एक आणखी प्रकार आहे आणि मला सगळ्यात विलक्षण वाटला तो हाच. त्याला कारेओचे पाट म्हणतात. बर्फ वितळायला लागले की वरच्या ओढ्यांतून पाणी वळवून हे पाट उंच कुरणांमधून आडवे नेले जातात. ते शेताला जात नाहीत. डोंगरात जिथे जमीन भुसभुशीत, दगड फुटलेला, तिथे नेऊन हे पाणी सरळ सोडून देतात. ते मुरते. जमिनीच्या पोटातून हळूहळू सरकत काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी खाली झऱ्यांतून बाहेर येते. म्हणजे मे महिन्यातले पाणी ऑगस्टमध्ये मिळते. धरण नाही, टाकी नाही. डोंगर हीच टाकी. पाट मुद्दाम कच्चे ठेवलेले, कारण वाटेत जे झिरपते त्यावर कडेची चेस्टनट आणि ओकची झाडे, गवत, फुलपाखरे सगळे जगते. राष्ट्रीय उद्यान म्हणून आपण जे "निसर्ग" बघायला जातो, त्यातला बराचसा हिरवेपणा माणसाने हजार वर्षे पाणी फिरवल्यामुळे आहे.

कापिलेइराच्या वरच्या अंगाला आम्ही एका पाटाच्या कडेने तासभर चाललो. हातभर रुंदीचे पाणी, एवढे गार की बोटे बधिर होतात. मिस्टरांनी तिथेच वुजू केला आणि पाय धुताना "या अल्लाह" असे काही मोठ्याने म्हणाले की मागून येणारे जर्मन जोडपे थांबलेच.

पुढे एक म्हातारे गृहस्थ फावड्याने पाटातला पाला काढत होते. माझ्या भाच्याला स्पॅनिश येते, त्याच्या मध्यस्थीने थोडे बोलणे झाले. त्यांचे म्हणणे, पूर्वी वसंतात गावातल्या प्रत्येक घरातला एक माणूस पाट साफ करायला जायचा. आता घरात माणूसच नाही. तरुण ग्रानाडाला, बार्सिलोनाला. एक वर्ष पाट साफ केला नाही तर गाळ भरतो, दोन वर्षांत झुडपे येतात, पाचव्या वर्षी तिथे पाट होता हे सांगावे लागते.

सध्याची खरी लढाई इथे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडी ओस पडू लागली आणि डोंगरातले कितीतरी पाट बुजले. त्यात इंजिनियर मंडळींचे एक मत असे की कच्चा पाट म्हणजे पाण्याची नासाडी. सिमेंट करा, पाइप टाका, ठिबक बसवा. ठिबक वाईट नाही, आपल्याकडे जळगावच्या केळीने ते दाखवून दिले आहे. पण इथे पाटाचे गळणे हेच त्याचे काम आहे. पाइप टाकला की वरच्या शेताचे पाणी वाचते आणि खालच्या गावाचा झरा आटतो. ग्रानाडा विद्यापीठातल्या पुरातत्त्व संशोधकांना हे आधी उमगले, याचे मला आश्चर्य वाटले नाही; जुनी व्यवस्था का टिकली हा प्रश्न त्यांच्याच विषयाचा. 2014 मध्ये त्यांनी कान्यार या गावचा, अनेक दशके बंद पडलेला बार्खास नावाचा पाट गावकरी आणि स्वयंसेवक घेऊन मोकळा केला. विद्यार्थी, पर्यावरणवाले, शहरात गेलेली गावची मुले, सगळ्यांनी फावडी उचलली. पाणी पुन्हा वाहिले. त्यानंतर सिएरा नेवाडातले आणखी पाट असेच उघडले गेले. काम अवघड आहे, कारण पाट एकदा उघडून भागत नाही. त्याला दर वर्षी माणूस लागतो.

फिकहच्या पुस्तकांत पाण्याचे दोन हक्क वेगळे सांगितले आहेत. एक शिर्ब, म्हणजे शेताला पाण्याची पाळी. दुसरा हक्कुश्शफा, म्हणजे ओठांचा हक्क, तहानलेल्या माणसाचा आणि जनावराचा. पहिला वाटून घेता येतो, दुसरा कुणाला नाकारता येत नाही. बुबिओनमध्ये, पांपानेइरामध्ये चौकाचौकात झऱ्याचे पाणी दगडी कुंडात पडत असते. कुणीही बाटली भरावी. कुलूप नाही, पाटी नाही. पांपानेइरातल्या एका झऱ्याबद्दल मात्र म्हणतात की अविवाहिताने तिथले पाणी प्यायले की लग्न जमते. माझ्या भाच्याने दोन बाटल्या भरून घेतल्या.

आणि हे सगळे परक्याचे म्हणून ऐकू नका. ज्या सुमारास मोरिस्कोंच्या बोटी निघत होत्या, त्याच सुमारास, 1610 मध्ये, मलिक अंबर इकडे खडकी गाव वसवत होता. पुढे त्याच गावाचे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्याने डोंगरातले पाणी केवळ उताराच्या बळावर, जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. नहर-ए-अंबरीचे आपण काय केले, ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारले तर अधिक नेमके उत्तर मिळेल.

तिथे जायचे असेल तर

भाषेची भीती बाळगू नका. स्पॅनिशमध्ये अरबीतून आलेले शब्द हजारोंनी आहेत आणि उर्दू जाणणाऱ्याला ते पटकन हाती लागतात. तांदूळ तो आर्रोस, जैतून ती आसेइतुना, केशर ते आसाफ्रान, हौद तो आल्बेर्का (बिरका), कापूस तो आल्गोदोन (कुत्न), खेडे ते आल्देआ. गावचा महापौर आल्काल्दे, म्हणजे चक्क आपला अल-काझी! आणि "असे होवो" म्हणायचे तर स्पॅनिश माणूस "ओखाला" म्हणतो. त्यात अल्लाहचे नाव दडले आहे हे त्याला बहुधा ठाऊकही नसते. यजमानीणबाई पाऊस पडावा म्हणून दिवसातून चारदा ओखाला म्हणत होत्या.

खाण्याचे मात्र सांभाळावे लागते. जवळचे त्रेवेलेस हे गाव वाळवलेल्या डुकराच्या मांसासाठी स्पेनभर प्रसिद्ध आहे, आणि या भागात ते घेवड्याच्या भाजीतही तुकडे करून घालतात. "भाजी आहे" या उत्तरावर विसंबू नये. "सिन खामोन" (डुकराचे मांस नको) आणि "सिन मान्तेका" (चरबी नको) हे दोन शब्दप्रयोग कागदावर लिहून न्या; मान्तेका बिस्किटांत आणि केकमध्येही असते. आम्ही बटाटे-मिरचीची परतलेली भाजी, अंडी, पाव, जैतूनचे तेल, मध आणि बदाम यांवर दोन दिवस मजेत काढले. नणंदेने दिलेले मसाल्याचे पाकीट कामी आले. खाली ओर्खिवा नावाचे मोठे गाव आहे. तिथे इस्लाम स्वीकारलेल्या स्पॅनिश आणि इतर युरोपीय कुटुंबांची छोटी वस्ती आहे, त्यामुळे हलाल खाणे मिळण्याची शक्यता तिथे अधिक.

नमाजची दिशा पहिल्या दिवशी चुकल्यासारखी वाटते. आपण इथे पश्चिमेला तोंड करतो, तिथे पूर्वेला करायचे. मे महिन्यात सूर्य नऊच्या पुढे मावळतो, म्हणून मगरिबला जेवणाची वेळ होते आणि इशापर्यंत डोळे मिटू लागतात. ग्रानाडात परतल्यावर आल्बाइसिन टेकडीवरच्या मशिदीत जरूर जा. ती 2003 मध्ये उघडली. अंगणातून समोर अलहंब्रा आणि त्यामागे सिएरा नेवाडाचा बर्फ दिसतो.

आणायचेच असेल तर तिथली खारापा आणा. जुन्या कपड्यांच्या चिंध्या उभ्या सुती ताण्यात विणून केलेली ही रंगीत सतरंजी. एकेकाळी हा डोंगर रेशमासाठी नावाजलेला होता, तुतीच्या झाडांनी भरलेला. विणणारे गेले आणि रेशीमही हळूहळू गेले. माग राहिले, त्यांवर आता चिंध्या विणतात. दुकानदारीण मोठी खारापा दाखवत होती. आमच्या बॅगेत जागा नव्हती, म्हणून दाराशी टाकण्यापुरती एक लहान घेतली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आहे. अम्मींनी ती पाहिली, उलटी केली, गाठी तपासल्या आणि म्हणाल्या, "हे तर आपल्या गोधडीचंच काम, फक्त सुईऐवजी मागावर केलंय." मग दाराशी न टाकता ती त्यांनी उचलून आपल्या खोलीत नेली.